पांदणीचा पट

वामनराव पाटलांनी पांदण बंद केली, त्याला दोन उन्हाळे उलटले होते. बंद करायला त्यांना फार काही करावं लागलं नाही. सालदारांकडून बाभळीच्या फांद्या तोडून वाटेच्या दोन्ही तोंडांवर आडव्या टाकल्या, वर दगड ठेवले आणि मधल्या पट्ट्यात तूर पेरून दिली. अमरसिंग नायकाच्या तांड्यापासून अरुणावतीच्या डोहापर्यंत उतरणारी ती वाट तांड्याच्या आज्या-पणज्यांच्या बैलांनी पाडली होती. पण कागदावर ती पाटलांच्या नंबरात निघाली, आणि कागदाला बैलांची खुरं दिसत नाहीत.

तांडा बरडावर. तिथं विहीर खणायची म्हणून चाळीस हात खाली गेले, तर खालून काळा दगड हसला. मग पाणी डोहाचंच. पांदणीनं डोह चिलीम ओढून होईस्तोवर यायचा. नाल्यातून वळसा घालून जायचं तर दीड कोस जाणं आणि दीड कोस येणं, त्यातला अर्धा रस्ता गोट्यांचा. पुरुष कामाला शेतात जायचे, जनावरं आडवाटेनं कुठंतरी पाणी पिऊन यायची. काटे खरे पडले ते बायकांच्या पायात. मागच्या चैतात उत्तमसिंगची बायको गंगी पाण्याच्या दोन गुंड्या डोक्यावर घेऊन नाल्याच्या उतारावर पडली. सातवा महिना होता. मुलगा होता, एवढंच सुइणीनं सांगितलं.

तेव्हा अमरसिंग नायकानं तहसिलात अर्ज दिला. तांड्यातल्या एकोणतीस घरांचे अंगठे त्यावर होते. पण त्या सुमारास यवतमाळ जिल्हा नव्यानंच मुंबई राज्यात गेलेला, आणि तहसिलातला कारकून प्रत्येकाला एकच सांगायचा, वरून नवा हुकूम यायचा आहे. नायक महिन्यातून एकदा जायचा, दिवसभर पायरीवर बसायचा आणि परत यायचा. तरी अर्ज होता. तो कधीतरी साहेबाच्या पुढ्यात जाईल आणि साहेब वाट बघायला येईल, या आशेवर तांडा होता. आणि पाटलांना त्या अर्जाची थोडी धास्ती होती, हेही खरं.

दिवाळीच्या आधी पाटलांच्या गावी, उमरवाडीच्या चावडीत, शंकरपटाची, बैलजोड्यांच्या शर्यतीची, गोष्ट निघाली. उमरवाडीचा पट दरसाल माघात भरायचा आणि दरसाल पाटलांचीच जोडी पहिली यायची. कुणीतरी म्हणालं, औंदा तांड्यातल्या देवीलालची जोडी बी चांगली पळून राह्यली, दोन गावचे पट मारून आली.

पाटील पान लावत होते. ते हसले. "नायक, तुमची जोडी माह्या जोडीच्या म्होरं निंघाली, तं मी सोता येऊन काटे काढतो. चारचौघांत बोलतो."

नायकानं विचारलं, "अन् नाई निंघाली तं?"

"तं तहसिलातला अर्ज वापस घ्याचा. मंग पांदनीचं नाव बी काढाचं नाई."

नायक म्हातारा माणूस. घरी जाऊन विचार करतो म्हणायला हवं होतं. पण महिनोन्महिने पायरीवर बसून बसून त्याच्या गुडघ्यांइतकाच त्याचा धीरही झिजला होता. तो म्हणाला, "जमलं."

अशी पांदण पटावर लागली.

देवीलालच्या जोडीतला उजवा लाख्या, तांबडा, उंच, अंगानं दांडगा. डावा कवड्या. पांढऱ्या अंगावर राखाडी ठिपके, म्हणून कवड्या. तो तीन दिवसांचा होता तेव्हा त्याच्या आईला साप चावला. देवीलालची बायको रुपीबाई, लग्नाला सहा वर्षं झालेली आणि मांडी रिकामी. तिनं ते वासरू घरात आणलं, शेळीचं दूध फडक्यात भिजवून त्याच्या तोंडात पिळलं आणि महिनाभर त्याला आपल्या गोधडीजवळ बांधलं. सासू म्हणायची, "लेकरू झालं नाई तं बैल घेऊन झोपते." रुपीबाईला त्याचं वाईट वाटायचं नाही. वासरू जगलं, एवढ्यावर ती खूश होती.

आणि तिनं त्याला हाळी शिकवली. म्हणजे शिकवावी लागली नाही, ती तांड्याची जुनी रीतच. हे लोक मीठ-धान्य लादून गावोगाव फिरायचे तेव्हा शेकडो बैल रानात मोकळे चरायचे. दिवेलागणीला बायका रानाच्या कडेला उभ्या राहायच्या आणि एकेक घरची बाई आपापली हाळी द्यायची. त्या आवाजावर त्या घरचे बैल कळपातून वेगळे होऊन यायचे. रेल्वे आली, लदेणी बसली, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या गेल्या. बायकांच्या गळ्यातली हाळी राहिली. रुपीबाईची हाळी गळ्याच्या तळातून निघायची, आधी खाली आणि मग एकदम वर, "ओऽ ह्योऽ." कवड्या कुठंही असो, मान वळवायचा आणि तिच्याकडे निघायचा. एकदा पाटलांच्या सालदारानं त्याला कोंडवाड्याकडे ओढत नेलं होतं, तर हाळी ऐकून तो सालदारासकट परत आला. त्यावर तांडा चार दिवस हसला.

पट ठरला तसं देवीलालनं तिला सांगितलं, "पटाच्या दिवशी तुह्या तोंडातून आवाज निंघाला नाई पायजे."

"मी येतच नाई मंग. घरीच रायते."

देवीलालनं वैरणीची पेंढी खाली ठेवली. कमी बोलणारा माणूस होता. कवड्याच्या पाठीवर हात फिरवत तो म्हणाला, "सारा तांडा येईन अन् त्याची माय येनार नाई? येजो तू. तोंडात पदर धरजो, झालं."

पुढचे तीन-साडेतीन महिने तांड्याला दुसरं काही सुचलं नाही. ती जोडी देवीलालची राहिलीच नाही. घराघरातून मूठमूठ सरकी यायची. सुखीबाई म्हातारी, जिच्या घरी संध्याकाळी चूल पेटली तर पेटली, तीही ओंजळभर गूळ घेऊन आली आणि बैलाला आपल्या हातानं चारून गेली. उत्तमसिंगचं आणि देवीलालचं बांधाच्या भांडणावरून बोलणं कधीचं बंद होतं, पण एका सकाळी उत्तमसिंग डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन आला, गोठ्यात टाकला आणि म्हणाला, "गंगीले पुन्हा दिवस गेले हायेत." एवढंच बोलून गेला. देवीलाल त्या दिवशी नीट जेवला नाही.

पहाटे कामाला जायच्या आधी देवीलाल बैल माळावर पळवायचा. लोक थंडीत घोंगड्या घेऊन बघायला उभे. मग बायका पाण्याला, मग सगळे कापसाच्या शेवटच्या वेचणीला नाहीतर तूर सोंगायला. रुपीबाईच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यात बिब्याचं तेल भरून ती चालायची. नाल्याच्या गोट्यांवर पाय घसरला की मागून कुणीतरी म्हणायचं, "आता माघापर्यंतच व बाई." आणि सगळ्या हसायच्या. चैतात आपण पांदणीनं कशा जाऊ, जाताना पाटलाच्या तुरीकडे बघून कशा थुंकू, कोण पुढं चालेल, हे सगळं त्यांचं ठरून गेलं होतं. पुढं गंगीनं चालायचं, असं ठरलं होतं.

आर्णीचा मोहिउद्दीन नालबंद पटाच्या आधी चार दिवस आला. बैलांना आडवं पाडून त्यानं नाल ठोकले. प्रत्येक खूर मांडीवर घेऊन, बोटानं चाचपून, एवढा वेळ लावला की देवीलाल कंटाळला. निघताना मोहिउद्दीन म्हणाला, "पाटलाची खिल्लारी जोडी बी मीच नालून आलो. तिले सरळ नाल ठोकले, हिले जीव लावून ठोकले. मजुरी नोको. पटाले येतो, तवा पुढं उभा राह्यतो."

पटाचा दिवस उजाडला तो स्वच्छ, वारा नसलेला. गावाबाहेरच्या माळावर चुन्याच्या रेघा मारून दोन धावा आखल्या होत्या, एकमेकींच्या बाजूला. बाभुळगावकडच्या जोड्या होत्या, आर्णीकडच्या होत्या, एक तर वर्धेच्या काठावरून आली होती. मंडपात नावं लिहून घेणाऱ्या माणसानं देवीलालला नाव विचारलंच नाही. त्याच्याकडे बघितलं आणि "लमान्याची जोडी" असं लिहिलं. पाणी पाजायच्या टाक्यावर तांड्याच्या बैलांना शेवटी उभं केलं. खिल्लारी बैल पिऊन, मुतून, झुली झटकून गेले तेव्हा यांची पाळी आली. देवीलालची छकडी जुन्या दमणी गाडीच्या लाकडाची होती. एक पोरगेला बघ्या म्हणाला, "हे पळतीन का सरपन आनतीन?" आसपासचे खदाखदा हसले.

पहिल्या फेरीनंतर ते कमी हसले. दुसऱ्या फेरीत तांड्याच्या जोडीनं बाभुळगावच्या जोडीला दोन बैलांएवढं मागं टाकलं, तेव्हा हसणं बंदच झालं. दुपार होईस्तोवर एक गंमत झाली. गावातले सालदार, मजूर, पाटलांच्या घरी भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा, हळूहळू सरकत सरकत डाव्या अंगाला तांड्याच्या बायकांजवळ येऊन उभे राहिले. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं, पाटील मंडपात बसले होते ना. पण आपणही कधीतरी कुणाला मागं टाकावं, असं त्या दिवशी सगळ्यांनाच वाटलं असेल.

शेवटची जोड लागली. उजव्या धावेत पाटलांची खिल्लारी जोडी, डाव्या धावेत लाख्या-कवड्या. अमरसिंग नायक खाली बसून राहिला. गंगी पोटावर हात ठेवून पुढं आली. रुपीबाईनं ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दातांनी घट्ट धरला.

झेंडी पडली.

पहिल्या झेपेत खिल्लारी पुढं निघाली. निम्म्या धावेला लाख्यानं मान खाली घातली आणि छकडी जमिनीवरून उचलल्यासारखी झाली. देवीलाल गुडघ्यावर बसला होता, हातात टोचायची तुतारी होती पण ती त्यानं वापरली नाही. तो नुसता तोंडानं चुचकारत होता. बैल बरोबरीला आले. मग कवड्याचं तोंड पुढं दिसलं. मग मान. मग खांदा. आता लोकांना कसली भीड राहिली नाही. सालदार ओरडले, भांडीवाल्या ओरडल्या, सुखीबाई म्हातारी दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवत ओरडायला लागली, मोहिउद्दीन "या अल्ला, या अल्ला" करत धावेच्या कडेनं पळत सुटला. शेवटची चुन्याची रेघ पन्नास पावलांवर राहिली. तांड्याची जोडी एका अंगानं पुढं होती, आणि गंगी रडत होती, हसत होती.

रुपीबाईला नंतर कितीही आठवून बघितलं तरी ओढणी तोंडातून कधी निसटली ते आठवलं नाही. कवड्या तिच्या समोरून चालला होता. तोंडाला फेस, डोळे मोठे, एवढा सुंदर तो तिला कधी दिसला नव्हता. फडक्यानं दूध पिणारं ते वासरू साऱ्या मुलुखाच्या पुढं पळत होतं. तिला वाटलं आपण हसतोय. आपल्या गळ्यातून "ओऽ ह्योऽ" निघालं आहे हे तिला ऐकून कळलं नाही, बघून कळलं. त्या हजार आवाजांतून कवड्याचा डावा कान फिरला.

मग मान फिरली.

तो थांबला नाही, नुसता तिच्याकडे झुकला. लाख्या सरळ जात होता. जू तिरपं झालं, छकडी डावीकडे ओढली गेली आणि देवीलालनं सगळ्या अंगानिशी उजवा कासरा खेचला. खेचला नसता तर बैल माणसांत घुसले असते. पण बघणाऱ्यांना दिसला तो फक्त खेचलेला कासरा. जोडी उजवीकडे आली, अडखळली, एक चाक मधल्या चुन्यावरून गेलं. खिल्लारी जोडी घुंगरं वाजवत शेजारून निघून गेली.

डाव्या अंगाला एवढी शांतता झाली की पलीकडच्या हलगीचा आवाज अंगावर आल्यासारखा वाटला. सालदार एकेक करून, जसे आले होते तसेच, गुपचूप मंडपाकडे सरकले. मोहिउद्दीन धावेच्या कडेला उकिडवा बसला. त्याच्या पायातली एक चप्पल मागं कुठंतरी राहिली होती, ती शोधायला तो उठला नाही. सुखीबाई एकाला धरून विचारत होती, "आपली म्होरं व्हती ना रे? आपली म्होरं व्हती ना?" तो हात सोडवून घेत होता. गंगीनं पोटावरचा हात काढला आणि ती तांड्याच्या दिशेनं एकटीच चालायला लागली.

पाटील मोठ्या मनानं वागले, आणि त्यानंच सगळं नासलं. त्यांनी देवीलालला मंडपात बोलावलं, त्याच्या पाठीवर थाप मारली, नारळ दिला, खांद्यावर एक शेला टाकला. "जोडी चांगली हाय तुही. मले भेव पडलं होतं, खरं सांगतो." देवीलालला त्या वेळी नारळ दिला काय आणि दगड दिला काय, काही कळत नव्हतं. शेला खांद्यावर तसाच ठेवून तो बैलांकडे आला. एकोणतीस घरांनी तो बघितला.

सूर्य टेकला तेव्हा नायकाच्या दारात माणसं जमली. बायका पलीकडे, कुडाला टेकून. नायकाच्या पुढ्यात अर्जाची नक्कल होती, तिला घामाचे डाग पडले होते.

उत्तमसिंगनं विचारलं, "पन्नास पावलं राह्यलीती. आपून म्होरं होतो. कासरा काहून खेचला?"

देवीलाल म्हणाला, "हात चुकला."

"आठ वर्सं झाले तू बैल हाकून राह्यला. कधी चुकला?"

"आज चुकला."

"अन् हा शेला कायचा? हारल्याले कोनी शेला देते का?" उत्तमसिंगचा आवाज फाटला. "किती दिलं रे पाटलानं? माह्या गंगीले पुन्हा त्या नाल्यात धाडाचं किती घेतलं तू?"

रुपीबाई कुडापासून पुढं आली. बोलायला तिनं तोंड उघडलं होतं. देवीलालनं तिच्याकडे बघितलं आणि तिच्यावरच ओरडला, "बायकाईनं मधात बोलाचं नाई! घरी जा!" इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. ती जागच्या जागी थिजली आणि मग खरंच घरी गेली.

पंचायत लांबली नाही. देवीलालनं स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढला नाही, तेव्हा लांबायला होतं काय? त्याच्या चिलमीला कुणी हात लावायचा नाही, एकमेकांच्या वावरात राबायची पेरणीची सावड त्याच्याशी कुणी करायची नाही, सणाला त्याच्या दारात कुणी जायचं नाही. नायकानं हे सांगताना मान वर केली नाही. मग म्हणाला, "मी सकायी तहसिलात जातो. बोललो हाय तं अर्ज वापस घ्याच लागन." तेवढं बोलून म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला.

देवीलाल आला तेव्हा रुपीबाई गोठ्यात उभी होती. कवड्या तिचा हात चाटत होता, आणि तिनं हात काढून घेतला होता तरी तो पुन्हा पुन्हा जीभ पुढं करत होता.

"म्या हाळी देल्ली," ती म्हणाली. "तुमचा हात नाई चुकला. मी वरडली."

"मले आयकू आलं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. "तेवढ्या कल्लोयात?"

"त्याले आलं, तं मले नाई येनार?" देवीलाल शेला खांद्यावरून ओढून शेल्यानंच लाख्याच्या तोंडाचा फेस पुसायला लागला.

"मंग सांगतलं काहून नाई? मी आताच जाते नायकाकडं. साऱ्याईले सांगते."

"सांगून पांदन उघडते का?"

तिनं कवड्याची जीभ हातानं बाजूला सारली.

"नाई ना उघडत? मंग आयक." तो बैलाचं तोंड पुसतच बोलत होता. "मी वावरात एकटा राहू शकतो. दोन बैल हायेत, त्याईच्याशी बोलीन. सावड नाई भेटली तं रातीचा दिवस करीन. पन तू पान्याले एकटी जाशीन? त्या नाल्यानं? पडली तं उचलाले कोन? त्या बाया तुले सोबत नेनार नाई, रुपी. एकदा का त्याईले समजलं, तं तुह्यासाठी कोनी थांबनार नाई."

"म्हनून तुमी चोर व्हाचं?"

"झालो ना आता. एकाच घरात दोन कायले पायजेत?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. दारातून तिला दिसत होतं, समोरच्या घरची बाई राखेनं भांडी घासत होती आणि त्यांच्या दाराकडे पाठ करून बसली होती.

फागून गेला. पाटलांनी पांदणीच्या तोंडावर नवे काटे टाकले. अर्ज परत आला, त्याच्यावर कारकुनानं लाल शाईनं काहीतरी लिहिलं होतं. वाचता कुणालाच आलं नाही आणि वाचून घ्यायलाही कुणी गेलं नाही. देवीलाल पहाटे निघायचा तो अंधारात परत यायचा. वाटेत माणूस दिसलं तर स्वतःच बांधावरून खाली उतरून उभा राहायचा. महिनाभरात त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले. बैलांना त्यानं पुन्हा कधी माळावर नेलं नाही.

रुपीबाई रोज बायकांबरोबर पाण्याला जायची. देवीलालचा हिशेब बरोबर निघाला होता. बायकांनी तिला टाकलं नाही. उलट तिची कीव केली. चैत लागला, नाल्यातले गोटे सकाळीच तापायला लागले. गंगीला सातवा लागला होता. घरात दुसरं बाईमाणूस नाही म्हणून तिला यावंच लागायचं. रुपीबाईनं कुणाला न विचारता तिची दुसरी गुंडी आपल्या डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. तीन गुंड्या, एकीवर एक. मानेचा काटा मोडून यायचा, टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "नवऱ्यानं केलं अन् ही भोगून राह्यली." रोज घरून निघताना ती ठरवायची, आज सांगून टाकू. रोज नाल्याच्या उताराशी शब्द तोंडापर्यंत यायचे. मग तिला पुढं गंगीची पाठ दिसायची, एक हात कमरेवर आणि एक हात डोक्यावरच्या गुंडीला, पाऊल टाकायच्या आधी अंगठ्यानं गोटा चाचपणारी. आणि ती गिळून टाकायची.

त्या दिवशी उतार संपल्यावर बायका सावलीला टेकल्या. गंगीला धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. रुपीबाईनं तिची गुंडी उतरवून घेतली, पदरानं तिचं तोंड पुसलं. गंगीनं तो हात धरून ठेवला.

"तुह्यावर माहा राग नाई, बाई," गंगी म्हणाली. "उत्तमसिंग कितीबी वरडो, मी त्याले सांगते, रुपीचा काय दोष हाय? ती आपल्यासारखीच पदर तोंडात धरून उभी व्हती. तुहं नशीबच फुटकं. असा इमान इकनारा मानूस पदरात पडला, त्याले तू तरी काय करशीन?"

बाकीच्या बायका रुपीबाईकडे बघत होत्या. सुखीबाईनं जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी म्हणालं, "खरं हाय व माय, नशीब." सगळ्या तिच्या बोलण्याची वाट बघत थांबल्या.

रुपीबाई म्हणाली, "हो."

मग तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि एकेक करून तिन्ही गुंड्या वर घेतल्या. गंगी तिच्या खांद्याला धरून उठली, आपली एक गुंडी तिनं डोक्यावर घेतली, आणि बायका पुढच्या चढाला लागल्या.